जाहिरात कुणाशी बोलते?

मराठी पुस्तकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून समाजमाध्यमांवर सरकल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिथे त्यांचा एक साचाही ठरून गेला आहे. वरच्या बाजूस प्रकाशनसंस्थेचे बोधचिन्ह, मधोमध मुखपृष्ठ, त्यावर तिरक्या पट्टीत 'प्रकाशित झाले!', खाली मूळ किंमत, सवलतीची किंमत, टपालखर्च, दोन-तीन भ्रमणध्वनी क्रमांक. आणि कोपऱ्यात प्रकाशन समारंभाचे छायाचित्र, ज्यात सात-आठ मान्यवर पुस्तकाची एकेक प्रत छातीशी धरून उभे आहेत. एवढा सगळा मजकूर तळहाताएवढ्या पडद्यावर मांडलेला असतो. त्याखाली प्रतिक्रियाही येतात. 'अभिनंदन सर', 'हार्दिक शुभेच्छा', 'मानाचा तुरा'. पुस्तक कुठे मिळेल, असे मात्र क्वचितच कुणी विचारते.

या जाहिरातीत नेमके काय चुकले, याचा विचार करताना आमच्या असे लक्षात आले की ती एका विशिष्ट वर्गासाठी अगदी परिणामकारक आहे. लेखकाला ओळखणारे, समारंभास हजर असलेले किंवा राहू न शकलेले, अशा सर्वांपर्यंत ती पोहोचते आणि त्यांच्याकडून अभिनंदन मिळवते. ती बोलते ती त्यांच्याशीच. ज्याला लेखकाचे नाव ठाऊक नाही, पण जो हे पुस्तक हाती पडल्यास रात्र जागून वाचील, त्या वाचकाशी ती चकार शब्द बोलत नाही. हजार किंवा पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला तर नेमका तोच वाचक हवा असतो, आणि जाहिरातीचे पैसे तो त्याच्यासाठीच मोजतो.

समाजमाध्यमांवरील जाहिरात परिणामकारक कशी करावी, याची सूत्रे सांगणारी माणसे आज गल्लोगल्ली आहेत. रंग कोणता, आकार केवढा, वेळ कोणती, पहिल्या तीन क्षणांत काय दाखवावे, इत्यादी. ती सूत्रे निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा असतो, आणि तो निखळ वाङ्मयीन आहे, एवढेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे. तो प्रश्न असा की, ही जाहिरात कुणाशी बोलते आहे? संबोध्य कोण, निवेदक कोण, दोघांत अंतर किती, हे प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण कथा-कवितेला रोज विचारतो. ते जाहिरातीला विचारण्याचा कमीपणा आपल्याला का वाटावा?

या प्रश्नाचे एक जुने आणि घरचेच उत्तर दादासाहेब फाळके यांच्यापाशी सापडते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पुढे तो सुरतेस नेला तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असे सांगितले जाते. अडचण अशी होती की तिथला प्रेक्षक दोन आण्यांत चांगले सहा तास नाटक पाहणारा होता, आणि फाळके त्याहून जास्त पैशांत दीड तासाचा खेळ दाखवीत होते. यावर फाळक्यांनी जी जाहिरात केली ती प्रसिद्धच आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. गर्दी लोटली.

या जाहिरातीत चित्रपटाची एका शब्दानेही स्तुती नाही. 'अद्वितीय', 'अभूतपूर्व', 'अवश्य पाहा' यांपैकी काहीही नाही. समोरचा माणूस मनोरंजन कोणत्या मापाने मोजतो, हे फाळक्यांनी ओळखले आणि आपला माल त्याच मापात घालून दाखविला. तो वेळ मोजत होता, त्याला लांबी दिली. यात चलाखी आहे, पण खोटेपणा नाही. चित्रफितीत खरोखरच हजारो चित्रे असतात. संबोध्य कळला की वाक्य कसे आपोआप घडते, याचा याहून चांगला नमुना आम्हाला ठाऊक नाही.

फाळक्यांपुढे एक शहर होते. आज जाहिरात रचणाऱ्यापुढे जे यंत्र असते ते त्याला विचारते की वय किती ते किती, गाव कोणते, आवड कशाची? फेसबुकने आपली जाहिरातव्यवस्था २००७ च्या नोव्हेंबरात सुरू केली. इन्स्टाग्रामवर पहिल्या जाहिराती अमेरिकेत २०१३ मध्ये दिसू लागल्या. तेव्हापासून 'लक्ष्यगट' हा शब्द रूढ झाला आहे. शब्दच पाहा, तो शिकारीचा आहे. 'पुणे, नाशिक, कोल्हापूर. वय पंचवीस ते पंचेचाळीस. आवड वाचन' अशी चौकट आखली की आपल्याला आपला वाचक कळला, असा समज होतो. पण ही चौकट म्हणजे पत्ता आहे. पत्त्यावर जे पत्र धाडायचे त्यात काय लिहावे, हे पत्ता सांगत नाही. एकाच चौकटीत ग्रंथालयाची रांग लावणारी प्राध्यापिका असते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा असतो, आणि शाळेनंतर पुस्तक हातात न घेतलेला पण आजीच्या गोष्टींवर वाढलेला माणूसही असतो. या तिघांना एकच वाक्य कसे लागू पडेल?

या यंत्राच्या कार्यपद्धतीत एक गोष्ट अशी आहे की जी साहित्याच्या माणसाला सुखावेल. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. मात्र तो लिलाव केवळ जास्त बोलीवर सुटत नाही. बोलीच्या रकमेबरोबरच, ही जाहिरात पाहून माणूस अपेक्षित कृती करण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, याचाही हिशेब धरला जातो. म्हणजे ज्या जाहिरातीवरून अंगठा न थांबता पुढे सरकतो ती हळूहळू महाग पडू लागते, आणि जिच्यापाशी तो थांबतो ती स्वस्त. पूर्वी कंटाळवाण्या जाहिरातीला आणि चांगल्या जाहिरातीला वर्तमानपत्रात प्रत्येक सेंटिमीटरमागे सारखाच दर पडत असे. आता कंटाळ्याला स्वतंत्र दंड आहे. निकृष्ट गद्याला रोकड दंड करणारी व्यवस्था टीकाकारांनाही आजवर उभारता आली नव्हती!

अंगठा थांबविण्यासाठी जागा किती मिळते? बातम्यांच्या ओघात दिसणाऱ्या जाहिरातीतील मजकूर साधारण सव्वाशे चिन्हांच्या आत आटोपावा, असे सांगितले जाते. त्यापुढचा भाग 'आणखी पाहा'च्या आड दडण्याची शक्यता असते. ही चिन्हांची मोजणीही देवनागरीच्या बाबतीत मोठी मौजेची आहे. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा. संगणकाच्या लेखी मात्र तो अकरा चिन्हांचा, कारण तो ज, हलन्त, ञ, काना असे सगळे सुटे मोजतो. 'उत्कृष्ट', 'वैशिष्ट्यपूर्ण', 'हृदयस्पर्शी' असले जोडाक्षरांनी लगडलेले शब्द त्यामुळे दुहेरी महाग पडतात. एक तर ते जागा खातात, आणि जागा खाऊन काहीही सांगत नाहीत. ओवी आणि म्हण यांनी आपल्याला जी काटकसर शिकविली, तिची आठवण या मर्यादेने करून द्यावी, हे आम्हाला शुभलक्षण वाटते.

चित्राच्या बाबतीतही हेच. चौरस चित्र १०८० गुणिले १०८०, किंचित उभे १०८० गुणिले १३५०, आणि संपूर्ण उभा पडदा १०८० गुणिले १९२० बिंदूंचा, ही मापे आता सर्वांनाच पाठ आहेत. जाहिरातीच्या चित्रात अक्षरांनी वीस टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, असा फेसबुकचा दंडक होता; तो २०२० मध्ये शिथिल झाला. नियम गेला, पण त्यामागचे शहाणपण जायला नको होते. रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीला उंची जास्त लागते. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत मराठी ओळ कोंबली की मात्रा वरच्या ओळीला टेकतात आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. पडदा लहान, वाचणारा लोकलच्या दारात उभा. अशा वेळी पाच शब्द मोठे आणि मोकळे असलेले बरे की पंचवीस शब्द दाटीने, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

अक्षररचनेचा हा विचार मराठीत नवा नाही. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या वर्तमानपत्रातील जाहिरातींसाठी जी अक्षरे रेखाटली, त्यांत नाटकाचे नाव वाचताक्षणी नाटकाची जात कळत असे. र. कृ. जोशी 'उल्का' या जाहिरातसंस्थेत कला-दिग्दर्शक होते, कवी होते, आणि विंडोजवर देवनागरी लिहिताना वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'मंगल' हा टंकही त्यांचाच. अरुण कोलटकर यांचे नाव तर साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण ते मुंबईच्या जाहिरातजगतातले नावाजलेले कला-दिग्दर्शक होते आणि जाहिरात-कलावंतांच्या 'कॅग' या संस्थेने त्यांना आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान दिले होते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. कविता आणि जाहिरात यांच्यामध्ये आपण जी भिंत धरून चालतो, ती या तिघांना दिसली नव्हती. ती आपण नंतर बांधली.

या भिंतीचा परिणाम भाषेवर झाला. जाहिरातीची मराठी साहित्याच्या माणसांनी सोडून दिली, आणि ती भाषांतरकाराच्या हाती गेली. १९९० नंतर हिंदी जाहिरात इंग्रजीच्या सावलीतून बाहेर आली. बोलीतून, चौकातून, घरातून विचार करू लागली. २०२५ च्या ऑक्टोबरात दिवंगत झालेले पीयूष पांडे यांचा त्यात मोठा वाटा होता. मराठीला मात्र बहुधा त्या हिंदीचे भाषांतरच मिळाले. 'द्या आपल्या स्वप्नांना पंख', 'मिळवा घरबसल्या कर्ज', 'अनुभवा नवी चमक'. प्रत्येक वाक्यात क्रियापद पुढे धावते. मराठीत क्रियापद पुढे येत नाही असे नव्हे. 'आला एकदाचा पाऊस' म्हणताना ते येते, आणि त्या येण्यामागे सुटकेचा निःश्वास असतो. जाहिरातीने निःश्वास काढून टाकला आणि उलटा क्रम तेवढा ठेवला. व्याकरण शाबूत आहे, पण कुणीही मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाशी असे बोलत नाही.

संबोधनाचा प्रश्न येथे अगदी नेमका होतो. इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत तीन आहेत, 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण'. शिवाय 'तू' म्हटले की क्रियापद लिंग विचारते. 'थकलास?' की 'थकलीस?' हे ठरविल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. 'थकलात?' म्हटले की ती अडचण टळते, पण जवळीकही थोडी टळते. म्हणून तरुणांसाठीच्या जाहिरातींत 'तू' आणू पाहणारा लेखक पुष्कळदा नकळत पुरुषाशीच बोलत राहतो, आणि निम्मा वाचकवर्ग पहिल्याच शब्दात गमावतो. वास्तविक ही माध्यमे स्त्रियांना एक आणि पुरुषांना दुसरी जाहिरात दाखवू शकतात, 'थकलीस?' असे नेमके विचारणे कधी नव्हे इतके आज शक्य आहे. पण त्यासाठी मूळ मजकूर मराठीत सुचायला हवा. ज्या भाषेत हा फरकच नाही, तिच्यातून आलेल्या भाषांतराला ही संधी दिसणार कशी?

'आम्ही' आणि 'आपण' यांतही असाच पेच आहे. इंग्रजीतला एकच शब्द मराठीत दोन होतो. 'आम्ही तुमची काळजी घेतो' म्हणणारी बँक काउंटरच्या पलीकडे उभी असते. 'आपण मिळून पुढे जाऊ' म्हणणारी बँक काउंटर ओलांडून आपल्या शेजारी येऊन बसते. आणि कर्जाचा हप्ता थकला की पुन्हा पलीकडे जाते. मराठी वाचकाला हा फरक ऐकू येतो, मग तो व्याकरण शिकलेला असो वा नसो. जाहिरातीवर त्याचा विश्वास बसतो की नाही, हे अशाच ठिकाणी ठरते.

भाषांतराला कंटाळलेले काही जण याच्या नेमके उलट टोक गाठतात. चित्रात नथ, फेटा, तुतारी. मजकुरात 'काय मंडळी', 'भावांनो', 'विषय हार्ड', आणि पुणेकरांच्या तुसडेपणावरचा शंभरदा ऐकलेला विनोद. यात मराठी भाषा पोशाखासारखी अंगावर चढविलेली असते. पोशाखाखालचा विचार तोच, दुसरीकडून आणलेला. एखादे वाक्य मराठी आहे की नाही याची आमची कसोटी साधी आहे. त्यातून नथ आणि फेटा काढून घ्या. मग जे उरेल ते घरातल्या कुणी कुणाला म्हटले असते का, ते पाहा.

यावर एक आक्षेप घेतला जातो. कान, संबोधन, जवळीक हे सगळे मतांचे खेळ झाले. आता मोजमाप हाताशी असताना अंदाज कशाला? दोन जाहिराती करा, दोन्ही थोड्या थोड्या लोकांना दाखवा, जिच्यावर जास्त जण कळ दाबतील ती ठेवा. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो आंतरजालाहून जुना आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ मध्ये 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे पुस्तक लिहिले. निरनिराळ्या जाहिरातींबरोबर निरनिराळ्या खुणेची कुपने छापायची, आणि कोणते कुपन जास्त संख्येने परत येते ते मोजायचे, ही त्याची पद्धत होती. आज महिन्याचे काम तासात होते, एवढाच फरक.

मोजमापाला आमचा विरोध नाही. मात्र त्याची मर्यादा ओळखून असावे. दोन वाक्यांपैकी अधिक चालले कोणते, हे मोजमाप सांगते. दोहोंहून चांगले असे तिसरे वाक्य ते सुचवीत नाही. आणि दुसरे असे की 'चालले' याचा अर्थ ते आपल्याला विचारीत नाही. हा दुसरा मुद्दा आम्हाला एका तासिकेत अनपेक्षितपणे शिकायला मिळाला.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक विद्यार्थ्यांना नेमलेले होते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र. आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले की, या पुस्तकाची समाजमाध्यमासाठी जाहिरात लिहा, सव्वाशे चिन्हांत. पहिल्या फेरीत जवळजवळ सर्वांनी एकच वाक्य थोड्याफार फरकाने लिहिले. 'मराठीतील अजरामर आत्मचरित्र. प्रत्येक घरात असायलाच हवे.' हे वाक्य कोणत्याही आत्मचरित्रावर डकवता येते, ही त्याची परीक्षा वर्गानेच केली आणि ते बाद केले. दुसऱ्या फेरीत 'एका स्त्रीच्या संघर्षाची प्रेरणादायी गाथा' आली. तीही त्याच वाटेने गेली.

मग एका विद्यार्थ्याने लिहिले: 'नवऱ्याने धर्म बदलला. तिला नंतर कळले. मग तिने काय केले?' वर्ग एकदम जागा झाला. वाक्य लहान होते, खरे होते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. शिवाय वाक्यात उत्सुकता होती. मोजमाप लावले असते तर हीच जाहिरात पहिली आली असती, याविषयी कुणालाच शंका नव्हती. पण पुढे काय झाले असते, हेही सर्वांना दिसत होते. धर्मांतर हा शब्द दिसताच खाली भांडण पेटले असते. पुस्तक न वाचलेले आणि वाचण्याची इच्छा नसलेले शेकडो लोक एकमेकांवर तुटून पडले असते. आणि ज्या यंत्राला प्रतिसाद तेवढा कळतो, त्याने ती जाहिरात आणखी शेकडो लोकांपुढे नेली असती. मेटा कंपनीने आरोग्य, धर्म, राजकीय मते यांच्याशी निगडित लक्ष्यगट निवडण्याची सोय जानेवारी २०२२ पासून काढून टाकली, हे खरे; पण भांडखोर वाक्य स्वतःच आपला लक्ष्यगट शोधून काढते.

एका विद्यार्थिनीने त्यावर जे विचारले, त्याने त्या तासिकेची दिशाच बदलली. तिने विचारले, "पण हे पुस्तक असं आहे का?" 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला काय आठवते? सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला जेरीस आणणारे वडील, घरात पैसा टिकू न देणारा कवी नवरा, आणि या सगळ्याकडे पाहून हसणारी, स्वतःवर तर सर्वांत जास्त हसणारी लेखिका. त्या पुस्तकात धर्मांतराचे दुःख आहेच, फार खोल आहे; परंतु ज्याला केवळ सनसनाटीसाठी ते पुस्तक विकले गेले, तो वीस पानांत ते खाली ठेवील, आणि ज्याला ते हवे होते तो जाहिरातीखालचे भांडण पाहून दूर राहील. म्हणजे ती जाहिरात परिणामकारक खरी, पण तिचा परिणाम पुस्तकाच्या विरुद्ध.

त्याच विद्यार्थिनीने अखेरीस जे लिहिले ते असे: 'घरात आजी असेल तर हे पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवा. ती मध्येच थांबवून स्वतःची गोष्ट सांगू लागेल.' यात 'अजरामर' नाही, लेखिकेचे नावही नाही; ते मुखपृष्ठावर आहेच. पुस्तक बोलल्यासारखे लिहिलेले आहे, हे 'मोठ्याने' या शब्दात आले. ते एका पिढीच्या बायकांचे आयुष्य सांगते, हे 'स्वतःची गोष्ट' यात आले. आणि बोलणे कुणाशी, तर शहरात राहणाऱ्या, वाचनाची सवय सुटलेल्या, पण आजीशी काय बोलावे हे न सुचणाऱ्या नातवंडांशी. 'वय पंचवीस ते पंचेचाळीस' या चौकटीतून हा माणूस कधीच दिसला नसता. तो पुस्तक नीट वाचल्यामुळे दिसला.

आमच्या मते परिणामकारक जाहिरातीचे मर्म एवढेच आहे. आधी वस्तू नीट वाचावी, मग माणूस नीट ओळखावा, आणि त्या दोघांत जे खरे नाते आहे ते त्या माणसाच्या भाषेत सांगावे. मोजमाप त्यानंतर करावे. आणि मोजताना किती जणांनी कळ दाबली यापेक्षा किती जणांनी पुस्तक घेतले, आणि घेतलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या पुस्तकासाठी परत आले, हे मोजावे. लहान प्रकाशकाला दुसरा आकडाच जगवतो.

जाहिरात म्हणजे फसवणूक, साहित्याने तिच्यापासून दूर राहावे, असे मानणारे सुज्ञ आपल्यात पुष्कळ आहेत. फसवणूक होते, यात शंका नाही; पण ती ओळखण्याचे कौशल्यही भाषेचेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकविणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा तेरा प्रकारांची नोंद आहे. एक प्रकार खोट्या घाईचा: प्रती पडून असताना 'फक्त दोनच शिल्लक' म्हणणे. दुसरा ग्राहकाला लाजविण्याचा: सवलत नाकारायची असेल तर 'नको, मला अडाणीच राहायचे आहे' अशा धर्तीच्या कळीवर बोट ठेवायला लावणे. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'ॲस्की'ने, २०२१ मध्ये असा नियम केला की पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर ती जाहिरात असल्याची स्पष्ट खूण असावी. नीट पाहिले तर हे सारे नियम निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी आहेत. शिफारस करणारा मित्राच्या आवाजात बोलतो, पण तो मित्र आहे की विक्रेता? अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा आपण कादंबरीसाठी राखून ठेवली होती. कायद्याला तिची गरज बाजारात पडली.

याला आता आणखी एक निमित्त झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून जाहिरातीची वाक्येच यंत्राकडून लिहून घेता येतात. एका वाक्याची दहा रूपे क्षणात. आम्ही ती करवून पाहिली. 'स्मृतिचित्रे'साठी मिळालेल्या रूपांत 'अजरामर' होते, 'प्रेरणादायी गाथा' होती, 'प्रत्येक घरात' होते. म्हणजे आमच्या वर्गाची पहिली फेरी. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आजवर आपण सर्वांनी जे लिहून ठेवले त्याची सरासरी ते आपल्याला परत देते. आपल्या मुखपृष्ठांच्या पाठीवरचा मजकूर, आपल्या परिचयपर लेखांतील विशेषणे, आपल्या समारंभांची वृत्ते, यांचीच ती सावली आहे. पहिल्या फेरीची वाक्ये आता फुकट मिळू लागली आहेत. ज्यांचे पोट त्या वाक्यांवर चालत होते, त्यांना दुसरी आणि तिसरी फेरी गाठल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि ही माणसे म्हणजे परकी कुणी नव्हेत. मराठी घेऊन पदवी मिळविलेल्या विद्यार्थ्यांपैकी प्राध्यापक होणारे थोडे. बाकीच्यांतले अनेक जण कुठल्या तरी संस्थेत 'कंटेंट' लिहू लागतात. हिंदीवरून मराठी, इंग्रजीवरून मराठी, शब्दामागे पैसे. 'द्या आपल्या स्वप्नांना पंख' हे वाक्य ज्याने लिहिले तोही कदाचित आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसून केशवसुत-मर्ढेकर शिकून गेलेला असेल. त्याला ते वाक्य वाईट आहे हे कळत नव्हते असे नाही. चांगल्यासाठी भांडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला कुणी सांगितले नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला. त्या दर्जाची खूण ताम्रपटांत आणि गाथांत आहेच. पण रोज लाखो लोक जी वाक्ये अंगठ्याने वर सरकवतात, त्यांतही ती थोडी दिसावी, अशी अपेक्षा केली तर ती अवास्तव ठरू नये.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. मराठीच्या प्रत्येक वर्गात, नेमलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी, वर्षातून एकदा एक तासिका अशी घ्यावी. सव्वाशे चिन्हे, एक माणूस डोळ्यांपुढे, आणि एकच अट, की वाक्य दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चिकटता कामा नये. ज्या विद्यार्थ्याने पुस्तक वाचलेले नाही त्याला ते जमणार नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मग त्या वाक्यांपैकी एखादे प्रकाशकाकडे पाठवून द्यावे. समारंभातल्या मान्यवरांच्या छायाचित्राऐवजी त्याने ते एकदा छापून पाहावे.